सहा आठवड्यांची इंटर्नशिप, मुंबईत राहायचं कुठं? हॉस्टेल की मावशीकडं?

आयर्विन_पूल | १९ एप्रिल, रात्री ९.४२

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. १ जूनपासून सहा आठवडे मुंबईत इंटर्नशिप लागली आहे, अंधेरी पूर्वला चकाल्याजवळ एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं ऑफिस आहे तिथं. स्टायपेंड महिना आठ हजार. मुंबईला आजवर दोनदाच गेले आहे, एकदा लग्नाला आणि एकदा राणीची बाग बघायला, दोन्ही वेळा घरच्यांबरोबर.

प्रश्न राहण्याचा आहे. मावशी डोंबिवलीला आहे. वन बीएचके, त्यात मावशी, काका, काकांची आई आणि दोन भावंडं, मोठ्याची यंदा दहावी. मावशी मनापासून म्हणती ये म्हणून. मम्मी-पप्पांचं पण तेच मत, पोरगी घरात राहिली की आम्हाला झोप लागंल. मला मात्र ऑफिसजवळ कुठंतरी हॉस्टेलवर राहायचंय. ते बंक बेडवालं असतं ना, एका खोलीत सहा-आठ जण, फिरायला येणारी पोरं राहतात तसलं. त्यातलं फक्त मुलींच्या खोलीचं एक बघितलंय, रात्रीचे सातशे सांगतात. तसं धरलं तर स्टायपेंड पुरत नाही हे मला कळतंय, पण रोज डोंबिवली ते अंधेरी जमंल का हे पण कळंना झालंय. कुणी असं थोड्या दिवसांसाठी राहिलंय का? खरं काय ते सांगा, मला घाबरवलं तरी चालंल.

पेठनाका | १९ एप्रिल, रात्री १०.१५

अभिनंदन आधी. तिसऱ्या वर्षाला स्ट्रक्चरल ऑफिस मिळालं म्हणजे चांगलं झालं की.

मी अकरा वर्षं घाटकोपर-अंधेरी पट्ट्यात आहे, मूळ वाळवा तालुका. रस्ता सांगतो. डोंबिवलीहून फास्ट लोकलनं घाटकोपर, तिथं पुलावरून सरळ मेट्रोत. ही मेट्रो १ म्हणजे २०१४ साली सुरू झालेली पहिली, वर्सोवा ते घाटकोपर ११.४ किमी, १२ स्टेशनं. घाटकोपरनंतर जागृती नगर, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका, एअरपोर्ट रोड आणि मग चकाला. मेट्रोचं काही टेन्शन नाही, गर्दी असती पण दारं बंद होतात. टेन्शन आहे ते डोंबिवलीला सकाळी आठला फास्टमध्ये चढायचं. गाडी कल्याणच्या पलीकडून भरून आलेली असती. आपण पाय ठेवायला जागा बघायची. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ काय झालं सगळ्यांनी बघितलंय, दारात लटकलेली माणसं खाली पडून जीव गेले. सवय असलेली माणसं होती ती. घर ते ऑफिस दीड तास धर, पावसात दोन. म्हणजे रोजचे तीन-चार तास नुसते जाण्यात. माझं मत हॉस्टेल.

हरभट_रोड | १९ एप्रिल, रात्री १०.५०

पेठनाका, मुलीला नसतं धाडस शिकवू नका. हक्काची मावशी असताना परक्या सात जणींबरोबर एका खोलीत झोपायचं कशासाठी? डोंबिवलीहून लाखो माणसं रोज जातात, बायका जातात, लेडीज डबा असतो. ताप आला तर मावशी उशाशी बसंल, हॉस्टेलचा मॅनेजर बसणार आहे का? आमच्या बँकेतली कित्येक पोरं मुंबईत बदली झाल्यावर नातेवाइकांकडंच राहिली. बाळ, आईवडिलांचं ऐक.

शेंगदाणा | १९ एप्रिल, रात्री ११.०२

हॉस्टेल. आणि कुलूप घेऊन जा.

कंदीपेढा | २० एप्रिल, सकाळी ७.३०

हरभट काका, तुमच्याशी भांडत नाही, पण मी नातेवाइकांकडं राहिलेली आहे तेव्हा दुसरी बाजू मांडते. मी साताऱ्याची, लॅबच्या ट्रेनिंगला दोन महिने आत्याकडं होते. आत्या सोन्यासारखी. पण तिचं घर लहान, मी हॉलमध्ये झोपायची, आणि मी झोपले की कुणाला टीव्ही बघता येईना की मी उठल्याशिवाय आत्याच्या मिस्टरांना चहा घेता येईना. मला उशीर झाला की आत्या जेवायची थांबायची. एक शब्द बोलली नाही कधी, पण शेवटच्या आठवड्यात तिच्या पायाला आलेली सूज बघितली आणि मला रडू आलं. आजही तिच्याकडं गेले की तेच डोळ्यासमोर येतं. आयर्विन, तुझ्या मावशीकडं दहावीचं पोरगं आहे म्हणतेस. तू रात्री नऊला दमून येणार, त्याची अभ्यासाची वेळ ती. मावशी नाही म्हणणार नाहीच, म्हणून तूच विचार करायचा.

पुढं मी परत सहा महिने गेले तेव्हा आधी बंक बेडवाल्या हॉस्टेलात तीन आठवडे आणि मग पीजीत, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहिले. दोन्हीचं सविस्तर संध्याकाळी लिहिते, आता पोरांचे डबे.

मिरजजंक्शन | २० एप्रिल, सकाळी ८.१०

राहण्याचं बाकीचे सांगतील, जाण्याचं मी सांगतो. महालक्ष्मी एक्सप्रेस, रात्री बसायचं, सकाळी दादर. सांगलीला पण थांबती पण सामान जास्त असलं तर मिरजेतून बस, गाडी निवांत थांबती. दिवसा जायचं तर कोयना. तिकीट आत्ताच काढ, मे-जूनला वेटिंग शंभराच्या वर जातं. दादरला उतरल्यावर एक लक्षात ठेव, डिसेंबर २०२३ पासून तिथं प्लॅटफॉर्मचे नंबर सलग १ ते १४ केलेत, आधी वेस्टर्नचा १ वेगळा आणि सेंट्रलचा १ वेगळा असायचा. जुन्या माणसांनी सांगितलेला नंबर धरून जाऊ नकोस.

माहुली_संगम | २० एप्रिल, सकाळी ९.२५

सामान जास्त असंल तर एसटीनं जा ना. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे. दारात उभं राहून खांबाटकीचा वारा पण खाता येत नाही असल्या थंडगार ट्रॅव्हल्सपेक्षा एसटी बरी.

मिरजजंक्शन | २० एप्रिल, सकाळी ९.३१

ताई, पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता आठवा आणि मग बोला.

माहुली_संगम | २० एप्रिल, सकाळी ९.४०

तो तुमचा सांगलीकरांचा रस्ता, आम्ही साताऱ्यातनं थेट हायवेला लागतो.

अजिंक्यतारा५८ | २० एप्रिल, दुपारी १.१५

मुलीचा प्रश्न वाचला आणि वडिलांची आठवण आली, म्हणून थोडं विषयांतर करतो, चालवून घ्या.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. आमच्या गावाची तिथं एक खोली होती, गावकीची. भाडं सगळ्यांनी मिळून भरायचं. खोली केवढी, तर आपल्या वाड्याच्या पडवीएवढी, आणि माणसं वीस-बावीस. सगळी एकदम कशी मावायची? पाळ्या. दिवसपाळीचा रात्री झोपायचा, रातपाळीचा सकाळी येऊन त्याच जागेवर पथारी टाकायचा. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला एक खुंटी. खुंटी मिळाली म्हणजे माणूस मुंबईत लागला, असं वडील म्हणायचे. जेवण खाणावळीत, महिन्याच्या बोलीवर. ह्या खाणावळी चालवणाऱ्या बायका बहुतेक गिरणीकामगारांच्याच घरातल्या. ह्याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, त्यांची संघटना व्हावी म्हणून प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. वडील ज्या बाईंकडं जेवायचे त्या पण मंडळात होत्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, दोनेक महिने वडील तिथं थांबले, उधारीवर त्या बाईंनी जेवू घातलं. मग गावी आले ते परत कामाला गेले नाहीत. ती उधारी त्यांनी भात विकून पोस्टानं पाठवली, मनिऑर्डरची पावती आईच्या पोथीत होती कित्येक वर्षं.

सांगायचं एवढंच की बेटा, एका खोलीत आठ जण हे काही परदेशातनं आलेलं नाही. आपली माणसं हे करून बसलीत. तू जा हॉस्टेलवर.

ढेबेवाडी_खोरं | २० एप्रिल, दुपारी १.५०

काका डोळ्यात पाणी आणलंत. आमच्याकडं गिरणी नाही, माथाडी, म्हणजे डोक्या-पाठीवरनं ओझी वाहायचं काम. चुलते मशीद बंदरला होते. त्यांचीपण गावाची खोली, ट्रंक, सगळं हेच. १९६९ चा माथाडी कायदा झाला म्हणून त्यांना शेवटी फंड बघायला मिळाला. पाटण खोऱ्यात माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो घराघरात का असतो ते बाहेरच्यांना कळत नाही.

हरभट_रोड | २० एप्रिल, दुपारी २.३०

अजिंक्यतारा साहेब, लेख झाला तुमचा, वाचून गप्प बसलो. पण एक मुद्दा राहतो. त्या खोलीत सगळे एका गावचे होते. कुणाचा पोरगा कुणाच्या घरचा सगळं ठाऊक. हिच्या हॉस्टेलात कोण असणार?

कंदीपेढा | २० एप्रिल, संध्याकाळी ७.०५

हरभट काकांचा प्रश्न योग्य आहे, त्याचंच उत्तर देते.

बंक बेडच्या हॉस्टेलात माझ्या खोलीत तीन आठवड्यांत किती जणी येऊन गेल्या मोजलं नाही. इंदूरची परीक्षेला आलेली, केरळची दोघी नुसत्या समुद्र बघायला, एक नागपूरची व्हिसाच्या मुलाखतीला, एक स्पेनची बाई साठीची. सगळ्या चांगल्या होत्या. पण अडचण माणसांची नव्हती, घड्याळाची होती. त्या सुट्टीवर असतात, आपण कामावर. कुणी पहाटे चारला विमानाला निघणार, बॅगेच्या चेनीचा आवाज, कुणी रात्री एकला येणार. एसी रात्रभर १८ वर. बसून लिहायला टेबल नाही, सगळ्यांचा मिळून एक हॉल, तिथं गिटार चालू. कपडे वाळत घालायला गॅलरी नाही, जूनमध्ये तर विसरच. आणि बऱ्याच ठिकाणी सलग ठरावीक रात्रींच्या वर राहू देत नाहीत, ते आधी विचार. सहा आठवडे म्हणजे ४२ रात्री, सातशेनं २९,४०० होतात. पीजीत एवढ्यात दोन महिने निघतात.

पीजीत वेगळी अडचण. अकरा महिन्यांचा करार मागतात, डिपॉझिट मागतात, थोड्या दिवसांसाठी म्हटलं की तोंड फिरवतात. पण मे संपताना सुट्टीवर घरी गेलेल्या मुलींचे बेड मोकळे असतात. त्या मालकिणींना दीड महिना चालतो, फक्त फोन करून विचारायला लागतं, ॲपवर दिसत नाही. वर्किंग विमेन्स हॉस्टेल पण बघ. केंद्राच्या योजनेतल्या असल्या हॉस्टेलांना आता सखी निवास म्हणतात, तिथं नोकरीसाठी ट्रेनिंग घेणाऱ्या मुलींना पण घेतात. कॉलेजचं पत्र आणि कंपनीचं पत्र दोन्ही लागतं, जागा लवकर भरतात, आज चौकशी केलीस तर काहीतरी होईल.

आयर्विन_पूल | २० एप्रिल, रात्री ९.२०

कंदीपेढा ताई, हा हिशोब मी केलाच नव्हता. २९,४०० बघून धक्का बसला. अजिंक्यतारा काका, तुमचं पप्पांना वाचून दाखवलं. पप्पा काही बोलले नाहीत, आत गेले आणि जुनी ट्रंक आहे आमच्याकडं, आजोबांची, ती माळ्यावरनं काढून पुसत बसले. आमचे आजोबा पण दोन वर्षं परळला होते हे मला आज कळलं.

विश्रामबाग_स्वयंपाकघर | २० एप्रिल, रात्री १०.००

अगं जेवणाचं काय करणार? माझा मुलगा होता मुंबईत, पहिले पंधरा दिवस वडापाव आणि पोटाची वाट लागली. मुंबईत गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं असतात, मराठी बायका चालवतात, मोजून पोळ्या मिळतात. अंधेरी-पार्ले बाजूला भरपूर. सकाळी दोन पोळ्या आणि सुकी भाजी डब्यात भरून घ्यायची. बरोबर भडंग दे म्हणावं आईला, महिना टिकतं. हळद पण ने थोडी, आपल्या सांगलीची, तिथली पिवळी पावडर नुसतीच पिवळी असती.

शेंगदाणा | २० एप्रिल, रात्री १०.०४

भडंगात शेंगदाणे जास्त.

माहुली_संगम | २० एप्रिल, रात्री १०.२०

आणि साताऱ्यात गाडी थांबली की कंदी पेढे. ऑफिसात पहिल्या दिवशी पेढा दिला की सगळ्यांची ओळख होती, ही माझी खात्री आहे.

(पुढं अकरा प्रतिसाद भडंग कोल्हापूरचं की सांगली-जयसिंगपूरचं यावर झाले. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. - संपादक)

पेठनाका | २१ एप्रिल, सकाळी ८.४५

एक महत्त्वाचं राहिलं. न बघता टोकन पाठवू नकोस. "मॅडम आत्ता दोन हजार टाका नाहीतर बेड जाईल" असा फोन येतो, फोटो चकाचक असतात, पैसे गेले की नंबर बंद. माझ्या भाच्याचे असे तीन हजार गेलेत. बेड जातोय तर जाऊ दे, दुसरा मिळतो. आधार द्यायचं तर मास्क्ड आधार दे, शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि स्टायपेंडचं ऑफिसकडून मेलवर लिहून घे, किती आणि कधी. तोंडी नको.

माझ्या मते असं कर. पहिले चार-पाच दिवस मावशीकडं राहा. शनिवारीच ये. मावशीला किंवा काकांना घेऊन रविवारी दोन-तीन जागा स्वतः बघ, बाथरूम उघडून बघ, गादी उचलून शिवणीत ढेकूण आहेत का बघ, खाली वॉचमन आहे का, रात्रीची वेळ काय, कुलपाचं कपाट आहे का. मग पैसे दे.

हरभट_रोड | २१ एप्रिल, सकाळी १०.१०

हे मला पटलं. पहिले दिवस घरात, मग बघून-सवरून ठरवायचं, मावशी बरोबर असताना. काल मी जरा जोरात बोललो. माझी मुलगी २०११ साली पुण्यात एकटी राहिली तेव्हा मी महिनाभर रोज रात्री फोन करून तिला हैराण केलं होतं, ती अजून सांगती. वडिलांना म्हणावं रात्री एकदाच फोन करा, पण रोज करा.

ठाणेकर_मूळ_कराड | २१ एप्रिल, दुपारी १२.३०

लोकलचं नव्या माणसाला माहीत नसतं ते सांगते. साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढायचं नाही, दोन्हीचं तिकीट-पास वेगळं. माझी चुलत बहीण कराडहून आली, दार आपोआप उघडलं म्हणून आनंदानं चढली आणि पुढच्या स्टेशनला टीसीनं दंड घेतला. फर्स्ट क्लासच्या डब्यावर तिरके पट्टे असतात, बाहेरनं बाकी सगळं सारखंच दिसतं. लेडीज डबे काही दिवसभर लेडीज असतात, काही ठरावीक वेळेपुरते, डब्यावर लिहिलेलं वाच. रात्री लेडीज डब्यात पोलीस असतात. रेल्वे पोलिसांचा नंबर १५१२, रेल्वेचा १३९, दोन्ही फोनमध्ये टाकून ठेव. मोबाईलवर तिकीट काढायचं तर स्टेशनात शिरायच्या आधी काढ. बॅग पाठीला नाही, पोटाला. आणि उतरायचं स्टेशन यायच्या आधीच विचारायचं, "घाटकोपर?" म्हणून. पुढची हो म्हणाली की तिच्या मागं उभं राहायचं. मग तुला उतरायला काही करावं लागत नाही, लोकच उतरवतात.

आयर्विन_पूल | ४ मे, रात्री ८.५०

ठरलं. महालक्ष्मीचं तिकीट काढलं, तीन दिवस मावशीकडं. ताईंनी सांगितल्यासारखे फोन केले, एकूण चौदा. नऊ जणींनी दीड महिना म्हटल्यावर फोन ठेवला. मरोळला एका काकूंचा फ्लॅट आहे, तीन खोल्यांत नऊ मुली, त्यातल्या दोघी गावी जाणार आहेत जुलैच्या मध्यापर्यंत. बघून ठरवायचं म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, बघितल्याशिवाय पैसे घेतच नाही मी. मम्मी म्हणाली हीच बाई बरी. ट्रंक न्यायची नाही असं मी म्हणते, पप्पा म्हणतात ने. बघू.

शेंगदाणा | ४ मे, रात्री ९.००

कुलूप?

आयर्विन_पूल | ४ मे, रात्री ९.०३

घेतलं हो. हरभट रोडवरनंच घेतलं, पितळी.

आयर्विन_पूल | १२ जून, रात्री ११.१०

मुंबईतून लिहिते आहे. घाईत लिहितेय, लाईट बंद व्हायची वेळ झाली.

तीन दिवस डोंबिवलीहून गेले. पेठनाका दादांनी सांगितलं त्यात काही जास्तीचं नव्हतं. पहिल्या दिवशी दोन गाड्या सोडल्या, तिसरीत आत ढकलली गेले, एका बाईनं माझी बॅग स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मला म्हणाली श्वास घे. मरोळची जागा मावशीनं बघून पास केली, गादी उचलून बघितली, काकू हसल्या. आता मेट्रोनं मरोळ नाक्यावरून दोनच स्टेशनं. पाऊस नसला तर चालत येते.

पहिला आठवडा ऑफिसात कुणी काही दिलं नाही. जुन्या ड्रॉइंगच्या घड्या उलगडायच्या, स्कॅन करायच्या, परत घड्या घालायच्या. फार वाईट वाटलं. ह्यासाठी आले का मी असं वाटून एका रात्री गॅलरीत रडले. शेजारच्या बेडवरची धुळ्याची ताई बाहेर आली, नर्स आहे, तिनं काही विचारलं नाही, तिच्या डब्यातला ठेचा आणि भाकरी दिली. मग बोललो दीड वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सरळ म्हटलं की मला साइटवर जायचंय.

कंदीपेढा | १३ जून, सकाळी ६.५०

बरं केलंस विचारलंस ते. कपडे वाळतायत का?

आयर्विन_पूल | १३ जून, सकाळी ७.१५

नाही.

ठाणेकर_मूळ_कराड | १३ जून, सकाळी ९.००

पंख्याखाली दोरी बांध, आधी टॉवेलमध्ये कपडा गुंडाळून पिळ, मग घाल. आणि जोरात पाऊस धरला तर ऑफिसातनं लवकर निघायची लाज वाटून घेऊ नकोस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा मी रात्रभर ऑफिसच्या जिन्यात बसून होते. तुझी जागा दोन स्टेशनांवर आहे ही केवढी मोठी गोष्ट आहे ते एखाद्या दिवशी कळेल तुला.

मिरजजंक्शन | १३ जून, सकाळी ९.२०

त्याच आठवड्यात आपल्याकडं पण कृष्णा चढली होती. २००५ चा पूर. आमच्या ओळखीचा एक मुलगा मुंबईत अडकलेला आणि त्याच्या घरात सांगलीत पाणी, दोन्हीकडून फोन बंद.

आयर्विन_पूल | १८ जुलै, रात्री ९.३०

परत आले मंडळी. सगळं सांगायचंय, मोठं होईल.

साइट मिळाली. आठवड्यातले तीन दिवस, एका इमारतीचं काम, पाचव्या स्लॅबचं चेकिंग. आम्ही कॉलेजात आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाच्या नियमांत, पाठ केलेलं असतं की कॉलमला कव्हर ४० मिमी, म्हणजे सळईवर बाहेरनं तेवढं काँक्रीट पाहिजे. तिथं पहिल्यांदा बघितलं की ते अंतर राखायला सळईला छोटा ठोकळा, कव्हर ब्लॉक, बांधलेला असतो पण कुणाचा तरी पाय लागून सरकतो, आणि सळई शटरिंगला, म्हणजे काँक्रीटच्या साच्याला, जाऊन टेकती. वरनं काँक्रीट पडलं की कुणाला कधीच दिसणार नाही. ते बघायला माणूस सळयांच्या जाळीवर चालतो, वाकतो, टॉर्च मारतो. पावसात. मी चार ठिकाणी सरकलेले ब्लॉक दाखवले, फिटर मामांनी गुपचूप नीट केले, पाचव्याला म्हणाले, "पोरी, तू कुठली?" सांगलीची म्हटल्यावर कळलं ते जतचे. मग चहा. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बारबेंडिंगची हूक हातात देऊन तार पिळायला शिकवली, माझ्या तारा दोनदा तुटल्या, तिसरी बसली.

हे डोंबिवलीहून जाऊन झालं नसतं. साइटवर सकाळी सातला पोचायला लागायचं. इथंच उत्तर आहे माझ्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्यापुरतं. आणि मावशीकडं दर रविवारी जायचे, दुपारी, रिकाम्या गाडीनं. तेव्हा मावशीपण मोकळी असायची आणि मी पण. दहावीवाल्याला गणित शिकवलं. आधी रोज राहिले असते तर एवढं बोलणं झालंच नसतं आमचं.

एका रविवारी मेट्रो ३ नं मरोळ नाक्यावरून थेट कफ परेडपर्यंत गेले, सगळा प्रवास जमिनीखालनं. सिव्हिलच्या मुलीनं ते बघायलाच पाहिजे, ३३.५ किमी बोगदा, वर सगळं शहर. येताना परळला उतरले. आजोबांची खोली कुठं होती पप्पांना नीट आठवत नाही, एका गल्लीचं नाव तेवढं सांगितलेलं. ती गल्ली सापडली, चाळ नाही, तिथं टॉवर आहे. खाली उभं राहून पप्पांना व्हिडिओ कॉल केला. पप्पा म्हणाले फोन वर कर. केला. मग म्हणाले, बास, घरी ये आता.

खर्चाचं म्हणाल तर स्टायपेंड संपून घरचे साधारण तेवढेच गेले. स्टायपेंड मेलवर लिहून घेतलेला, तरी शेवटच्या महिन्याचा अजून आलेला नाही, दोनदा आठवण केली आहे. पहिल्या आठवड्याचं पण मनात आहे, कुणाही नव्या मुलाला असं बसवून ठेवू नये. ट्रंक नेली होती, पलंगाखाली बरोबर बसली, काकू म्हणाल्या अशी आता मिळत नाही.

अजिंक्यतारा५८ | १८ जुलै, रात्री १०.०५

परळच्या त्या गल्लीचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळव बेटा. आमच्या गावची दोन माणसं त्या भागात होती, आज ऐंशीच्या पुढं आहेत, शुद्धीत आहेत. विचारून बघतो, आजोबांना कुणी ओळखत असंल.

हरभट_रोड | १८ जुलै, रात्री १०.२०

पोरी, छान लिहिलंस. राहिलेल्या स्टायपेंडसाठी कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना एक पत्र लिहायला लाव, मेलची प्रत जोडून. मसुदा करून देतो मी, चाळीस वर्षं पत्रंच लिहिलीत.

तासगाव_बेदाणा | १९ जुलै, सकाळी ७.४०

ताई मी तासगावचा, दुसऱ्या वर्षाला. मला डिसेंबरात चार आठवडे ठाण्याला जायचंय. माझ्याकडं मावशी वगैरे कुणी नाही. मुलांसाठी कुठं बघू?

ठाणेकर_मूळ_कराड | १९ जुलै, सकाळी ८.३०

ठाण्यात कुठं ते सांग आधी, घोडबंदर रोड असंल तर स्टेशनजवळ राहून उपयोग नाही. पहिले तीन दिवस आमच्याकडं ये, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. आईचा नंबर मला निरोपात पाठव, मी बोलते त्यांच्याशी.

तासगाव_बेदाणा | १९ जुलै, सकाळी ८.३४

ताई खरंच? घोडबंदर रोडलाच आहे.

शेंगदाणा | १९ जुलै, सकाळी ८.३६

कुलूप.

आयर्विन_पूल | १९ जुलै, सकाळी ९.०५

माझं आहे ना पितळी, ते ने की. दोन किल्ल्या आहेत. रविवारी सकाळी सांगलीत येतोस का, गणपती मंदिरापाशी देते. चौदा फोनची वही पण देते, कुणाला काय विचारायचं ते सगळं लिहिलंय त्यात.